सातव्या प्रश्नाचं उत्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टर धनेश मढवीसाहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती सौ. शांतीताई मोकल, त्यांचे यजमान बाबाजीकाका, रोह्याच्या आरोग्य केंद्रातल्या भगिनी आणि बंधूंनो, आणि पेणच्या खाडीकाठावरून दोन एसट्या बदलून आलेल्या, मागच्या तीन रांगांत दाटीवाटीनं बसलेल्या आशाताईंनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मृणालीताईंनी आत्ता माझी ओळख करून देताना 'ताईंच्या कार्याला आधुनिक तंत्रज्ञानाची जोड देणारे' असं एक भारदस्त वाक्य वाचून दाखवलं. त्यात त्यांचा काही दोष नाही. तो परिचय मीच कधीतरी कुठल्याशा कार्यक्रमासाठी लिहून दिला होता आणि तेव्हापासून तो माझ्या पुढे पुढे चालतो आहे. आज मात्र तो मला ऐकवेना. अध्यक्षमहोदयांची हरकत नसेल तर तो मी इथल्या इथे मागे घेतो. माझं नाव हर्षद बामुगडे. गाव निडीच्या अलीकडचं, घर भात आणि वाल पिकवणाऱ्यांचं. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मोबाइलवरचे धडे तयार करणाऱ्या एका संस्थेत मी काम करतो. 'आरोग्यशिदोरी' नावाचं ॲप तुमच्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये आहे, आणि बहुतेकींनी त्याला मनातल्या मनात शिव्याही घातल्या आहेत. ते करणारा तो मी.

निरोप समारंभात काय बोलायचं हे आपल्याला सगळ्यांनाच पाठ असतं. सत्कारमूर्ती वेळेवर यायच्या, कुणाला कधी दुखावलं नाही, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळली. ताईंच्या बाबतीत हे सगळं खरं आहे आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. आरोग्य सेविका म्हणून तेहतीस वर्षं नोकरी. त्यातली तीसहून अधिक खाडीकाठच्या एकाच उपकेंद्रात आणि शेवटची दोन वर्षं चार महिने इथे, रोह्याच्या बाजूला. हे सगळं निमंत्रणपत्रिकेत छापलेलं आहे. पण ती वाचताना कुणाच्या मनात आलं का, की तीस वर्षं एका जागी काढलेल्या बाईची, निवृत्तीला अडीच वर्षंही उरली नसताना, बदली का व्हावी?

निवेदनात 'प्रशासकीय कारणास्तव' असा शब्द आला. ते प्रशासकीय कारण म्हणजे मी. हे सांगायलाच मी आज उभा राहिलो आहे. आणि तेही माझ्या हिमतीवर नाही, ताईंच्या सांगण्यावरून. माझ्यात तेवढी हिंमत असती तर ती याआधीच दिसली असती.

थोडं मागे जावं लागेल. पाच वर्षांपूर्वी आम्ही हे ॲप आणलं तेव्हा त्यातला एकेक धडा पंचवीस मिनिटांचा होता. ठाण्याच्या आमच्या कचेरीत पंखा चालू, चहा समोर, तिथे पंचवीस मिनिटं फार वाटत नाहीत. पण पहाटे भाकऱ्या थापायच्या, मग घरभेटी, मग लसीकरण, मग रजिस्टर, आणि मधल्या वेळात मिठागरावर नाहीतर शेतावर जाऊन यायचं, अशा बाईनं पंचवीस मिनिटं आणायची कुठून? कुणीच धडे ऐकेना. मग मला सांगण्यात आलं की बाबा रे, हे सगळं नव्यानं कर. फार कामात असलेल्या माणसांना जमेल असं कर.

मी ते केलं, आणि मला त्याचा फार अभिमान होता. पंचवीस मिनिटांचे तुकडे करून तीन-तीन मिनिटांचे धडे केले. प्रत्येक धड्याखाली छोटी परीक्षा. परीक्षा दिली की नावापुढे हिरवी खूण, दुसऱ्या दिवसापर्यंत नाही दिली तर लाल. कोणी किती वेळ ऐकलं, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे सगळं मला माझ्या टेबलावर बसून दिसायचं. मला वाटायचं, आता कामात कितीही असेना, तीन मिनिटं कोणाला जड आहेत?

आणि एका गुरुवारी मला ताईंचं उपकेंद्र दिसलं. म्हणजे पडद्यावर दिसलं. चौदा आशाताई, चौदा फोन. गुरुवारी दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान चौदाही परीक्षा एकामागोमाग दिलेल्या. चौदापैकी तेरा फोनवर धडा ऐकल्याचा वेळ शून्य. आणि सगळ्यांची उत्तरं तंतोतंत सारखी. बरोबर आलेली तर सारखीच, पण सातव्या प्रश्नाचं उत्तर चौदाही जणींचं चुकलेलं, आणि तेसुद्धा एकाच पद्धतीनं चुकलेलं.

शाळेत पेपर तपासणाऱ्या मास्तरांना काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या पोरांचं गणित एकाच पायरीवर चुकलं की नक्कल झाली. मलाही तेच वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, चोर सापडल्याचा आनंदही झाला. मी चार गुरुवारांचे तक्ते काढले आणि अहवाल लिहिला. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'सदर उपकेंद्रात एकाच व्यक्तीने चौदा जणींच्या परीक्षा दिल्या असून प्रत्यक्ष शिक्षण शून्य आहे.'

एक फोन केला असता तर? ताईंचा नंबर माझ्याकडे होता. पण आमच्या धंद्यात आकडा समोर असला की माणसाला विचारायची गरज वाटत नाही. मी अहवाल पाठवला आणि दुसऱ्या तालुक्याच्या आकड्यांना लागलो.

वरच्या कार्यालयाला मी दोष देत नाही. माझ्या तक्त्यांवरून कोणीही तेच केलं असतं. ताईंना कारणे दाखवा नोटीस आली. 'परीक्षांची बटणे आपण दाबली काय' असा प्रश्न होता. ताईंनी 'होय' असं उत्तर दिलं, कारण बटणं त्यांनीच दाबली होती. पुढचं काही त्यात विचारलेलं नव्हतं. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली, पुन्हा असं करणार नाही असं लेखी घेण्यात आलं, आणि बदली झाली. त्या वर्षी जिल्ह्याच्या उत्कृष्ट सेविकांच्या यादीत त्यांचं नाव होतं, ते निघालं. आणि मला, तुम्हाला हसू येईल, 'गैरप्रकार ओळखणारी प्रणाली' तयार केल्याबद्दल संस्थेनं सन्मानचिन्ह दिलं. ते घरी टीव्हीच्या शेजारी होतं. आता नाही.

आता रोह्याच्या भगिनींनो, जरा तुमच्याकडे वळतो. माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी ताईंना 'मितभाषी' म्हटलं. तेव्हा मागच्या तीन रांगांत खुसखुस झाली, ती मी पाहिली. त्या हसल्या कारण त्यांनी पाहिलेल्या शांतीताई वेगळ्या आहेत. तुम्हाला मिळाल्या त्या वेळेवर येणाऱ्या, रजिस्टर चोख ठेवणाऱ्या, सकाळच्या गाडीनं निडीला उतरून शेअर रिक्षानं येणाऱ्या आणि कामापुरतं बोलणाऱ्या ताई. खाडीपट्ट्याला माहीत आहेत त्या दिवसभर बोलणाऱ्या, नकला करणाऱ्या, एखादीचं चुकलं तर तिला आख्ख्या बैठकीसमोर चिडवणाऱ्या आणि मग तिलाच पहिली भाकरी वाढणाऱ्या. मी मृणालीताईंना विचारलं होतं की ताईंनी इथे कधी सगळ्यांना एकत्र बसवून काही शिकवलं का. त्या म्हणाल्या, कधीच नाही. कसं शिकवतील? लेखी दिलं होतं ना.

हे सगळं मला कसं कळलं ते सांगतो. साहेब, घड्याळाकडे माझं लक्ष आहे, पण आज मला पाच मिनिटं जास्त द्या.

यंदा ॲप पुन्हा नव्यानं करायचं ठरलं. माझी हिरव्या-लाल खुणांची करामत दोन वर्षं आकड्यांत झकास दिसत होती, पण गावांत काही बदलत नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की परीक्षा घरोघर नवरे, दीर, नणंदा, जो मोकळा असेल तो देत होता. धाटावला कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या एका गृहस्थानं बसमध्ये बसून बायकोच्या अकरा परीक्षा दिल्या होत्या आणि तिच्यापेक्षा चांगले गुण मिळवले होते. म्हणून या खेपेला आमच्या नव्या प्रमुखांनी अट घातली, की आधी महिनाभर सेविकांबरोबर फिरायचं, मगच कागदाला हात लावायचा.

मी खाडीपट्ट्यातल्या किमया या आशाताईबरोबर फिरलो. किमया, तू मागे आहेस ना? बस, बस. तर मार्च महिन्यात एका घरी गेलो. सून नुकतीच दवाखान्यातून आलेली, बाळ दोन किलोला थोडं कमी. आजेसासूबाईंनी झोळी बांधून ठेवलेली, बाळाला त्यात घालायच्या बेतात. किमयानं फोन काढला नाही, कागद काढला नाही. आजीबाईंना हात धरून खाली बसवलं आणि माझा नववा धडा सुरू केला. अक्षरशः जसाच्या तसा. आमच्या ध्वनिमुद्रणात एके ठिकाणी खुर्ची सरकल्याचा आवाज राहून गेला आहे, तिथे ही मुलगी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. पण मध्येमध्ये धड्यात नसलेली वाक्यंही येत होती. बाळाला आईच्या छातीशी उघडं धरायचं आणि वरून दोघांना एकत्र गुंडाळायचं, हे आमच्या धड्यात फार शास्त्रशुद्ध भाषेत आहे. किमया म्हणाली, तव्याला भाकरी चिकटते तसं चिकटू दे त्याला, मधी वारा जाता नये. आजीबाईंनी स्वतः झोळी सोडली.

घराबाहेर येऊन मी सवयीनं माझ्या फोनवर तिची नोंद उघडली. किमया. नववा धडा. ऐकण्याचा वेळ शून्य मिनिटं. परीक्षा उत्तीर्ण.

मी तिला विचारलं, हा धडा तू ऐकलास कुठे?

ती म्हणाली, "पातेल्यातून."

मग बांधावरून चालता चालता तिनं मला गुरुवारची बैठक सांगितली. खाडीकाठच्या त्या गावांत फोनला रेंज धड नाही. निम्म्या जणींचा फोन घरातल्या माणसाबरोबर कंपनीत गेलेला. म्हणून ताईंनी ठरवलं होतं की आठवड्याला एक दिवस कसंही करून फोन घेऊन उपकेंद्रात यायचं. तिथे चौघी-चौदातल्या कोणा एकीच्याच फोनवर धडा लावायचा आणि आवाज सगळ्यांना पोचावा म्हणून फोन एका मोठ्या पातेल्यात ठेवायचा. कोणी रजिस्टर भरतेय, कोणी शेंगा सोलतेय, पण कान तिकडे. एकदा ऐकून झालं की पुन्हा लावायचा. मग ताई मध्ये थांबवून एकेकीला उठवणार, टॉवेलचं बाळ करून गुंडाळायला लावणार. चुकली तर हसणार आणि परत करून घेणार. शेवटी परीक्षेचे प्रश्न मोठ्यानं वाचायच्या. चौदा जणी मिळून उत्तर ठरवायच्या, आणि कोणाचे हात ओले, कोणाला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ताई चौदा फोन ओळीनं मांडून ते उत्तर दाबत जायच्या. माझ्या पडद्यावर जे अर्ध्या तासात चौदा वेळा दिसत होतं, त्याच्या आधीचे तीन तास मला दिसत नव्हते.

मी सातव्या प्रश्नाचं विचारलं. प्रश्न असा होता. घरी बाळंतपण झालं आणि आईला फार रक्त जाऊ लागलं, तर आशा सेविकेनं सर्वांत आधी काय करावं? आमचं उत्तर होतं, ताबडतोब १०८ नंबरला फोन करावा. या चौदा जणींनी दाबलं होतं, शेजाऱ्यांना हाक मारावी. किमया म्हणाली, त्या एका प्रश्नावर अर्धा तास वाद झाला होता. काहीजणी म्हणत होत्या, ॲपला पाहिजे ते दाबा आणि मोकळ्या व्हा. तेव्हा धोंडुबाई उठल्या. धोंडुबाई, तुम्ही उठू नका, गुडघ्याला त्रास होईल. पण तुम्ही जे म्हणालात ते मी सांगणार आहे. तुम्ही म्हणालात, "रेंज बांधावं हाय. बाईला रगतात एकटी टाकून मी बांधावं जाव?"

आणि मग ठरलं. आधी हाक मारायची. हाकेला जे येतील त्यातल्या एकानं बांधावर पळत जाऊन १०८ ला फोन करायचा, दुसऱ्यानं टेंपोवाल्याला गाठायचं, कारण उधाणाच्या भरतीला रस्त्यावर पाणी असलं तर गाडी पलीकडेच थांबते. आशाताईनं बाईजवळून हलायचं नाही. डॉक्टरसाहेब, तुम्ही मान हलवताय. मी तुमच्यासारख्या तिघांना विचारलं, तिघांनीही अशीच मान हलवली. त्या गावांसाठी त्यांचं उत्तर बरोबर होतं, माझं चूक होतं. चौदा जणींचं उत्तर सारखं आलं कारण चौदा जणींनी मिळून विचार केला होता. ज्याला मी नकलेचा पुरावा म्हणून लाल शाईनं गोल केला, तो शिकल्याचा पुरावा होता. चार गुरुवारांत त्या जे शिकल्या तेवढं माझ्या ॲपनं आख्ख्या जिल्ह्याला शिकवलं नसेल.

बैठक बंद झाल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. धोंडुबाई पहिल्या दिवसापासूनच्या आशा. त्यांना वाचायला त्रास होतो, त्या कानानं शिकतात. एकट्या घरात त्यांना तो धडा लावता येईना, परीक्षा देता येईना. नावापुढे लाल खुणा साचत गेल्या. दर महिन्याच्या सभेत त्या खुणा भिंतीवर मोठ्या करून दाखवायची सोयही मीच केली होती. चौथ्या सभेनंतर त्यांनी काम सोडलं. त्यांच्या पाड्यावर आठ महिने कोणी नव्हतं. त्या आठ महिन्यांत तिथल्या एका घरात घरीच बाळंतपण झालं आणि बाळ गेलं. धोंडुबाई असत्या तर ते वाचलं असतं का, हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. पण त्या तिथे नव्हत्या, एवढं नक्की सांगता येतं. का नव्हत्या, तेही सांगता येतं. मला याचं फार वाईट वाटतं. हे वाक्य किती लहान आहे याची मला कल्पना आहे, पण दुसरं वाक्य माझ्याकडे नाही.

मी पेणला ताईंच्या घरी गेलो. पडवीत बाबाजीकाका गणपतीच्या मूर्तींची आखणी करत बसले होते. मी नाव सांगितलं. काकांनी कुंचला पाण्यात ठेवला, हात पुसले आणि आत निघून गेले. काका, त्या दिवशी तुम्ही बोलला असतात तर मला सोपं गेलं असतं.

ताईंनी मात्र पाणी दिलं, चहा ठेवला, आई कशी आहे विचारलं. मी सगळं सांगितलं. अहवाल मी लिहिला होता, नोटीस त्यावरून निघाली, बदली त्यावरून झाली. शेवटी म्हणालो, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं."

ताई म्हणाल्या, "माहीत कसं नव्हतं? मी तुला सांगितलं होतं. इथं आलास तेव्हा, भाकरी खाताना. तू मान हलवलीस."

मला आठवेना. त्यांची भाकरी आठवली, जवळ्याची चटणी आठवली. तीन मिनिटांचे धडे करण्याआधी मी अर्धा दिवस त्यांच्या उपकेंद्रात माहिती घ्यायला गेलो होतो, हेही आठवलं. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. त्या दिवसाचं पान सापडलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'गुरुवारी सगळ्या जमून एकाच फोनवर ऐकतात. फोन पातेल्यात.' आणि पुढे मी शेरा मारला आहे, 'मजेशीर.' बस. मी सोबत नेलेल्या छापील फॉर्ममध्ये 'आपण दिवसातून किती मिनिटे फोन वापरता' असा रकाना होता, 'कोणाबरोबर ऐकता' असा नव्हता. म्हणून ते फॉर्मवर गेलं नाही, ॲपमध्ये गेलं नाही आणि वर्षभरात माझ्या डोक्यातूनही गेलं. तेव्हा मंडळी, मला ठाऊक नव्हतं ही माझी शेवटची सबबही खरी नाही. मला सांगण्यात आलं होतं.

आता नवीन ॲप तयार आहे. त्यात परीक्षा लाल होत नाही. आवाज मोठा केला आहे. एका फोनवर कितीही जणी मिळून ऐकू शकतात, मिळून उत्तर देऊ शकतात, आणि आपल्या गावाला वेगळं उत्तर लागू असेल तर ते बोलून नोंदवू शकतात. गेल्या महिन्यात परिपत्रक निघालं, की यापुढे प्रत्येक उपकेंद्रात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून धडा ऐकणं बंधनकारक राहील. ज्या गोष्टीसाठी ताईंच्या सेवापुस्तकात ठपका आहे, तीच आता सगळ्यांना सक्तीची आहे. आमच्या संस्थेत याला 'सामूहिक श्रवण पद्धती' असं नाव मिळालं, टाळ्या पडल्या, आणि कागदावर जनक म्हणून नाव माझं होतं. ते मी खोडायला लावलं आणि ताईंचं लिहायला लावलं. पण ताई आज निवृत्त होत आहेत. त्या बैठकीत त्या नसणार.

ठपका काढून टाकावा म्हणून मी माझा अहवाल चुकीचा होता असं लेखी दिलं. तीन स्मरणपत्रं दिली. परवा उत्तर आलं की 'बाब नोंदीस घेण्यात आली आहे'. आज शेवटचा दिवस. सेवापुस्तक आज बंद होईल ते त्या नोंदीसकट. मी धावाधाव करायला उशीर केला. मार्चमध्ये कळल्यावर ताईंच्या दारात जायला मला अडीच महिने लागले. एसटीनं तासाचा रस्ता आहे.

ते पत्र मी ताईंना वाचून दाखवलं, आणि विचारलं की आता मी काय करू. मला वाटलं होतं, जाऊ दे म्हणतील. आपल्याकडची वडीलधारी माणसं तसंच म्हणतात, आणि आपण त्याच भरवशावर चुका करतो. ताईंनी तसं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कशाला येतोस परत परत? मी काय केलं ते मला माहीतच हाय. ज्यांना माहीत नाय त्यांना सांग. सगळ्यांसमोर नाव गेलंय माझं, ते दोघांच्या बोलण्यानं परत येत नाय."

म्हणून मी आज बोललो. ताईंच्या माघारी, त्यांच्या पंचवीस-तीस वर्षांच्या सोबतिणींसमोर 'परीक्षेत लबाडी केली' असं म्हटलं गेलं. लग्नकार्यात कोणी कोणी ते तोंडावर विचारलं. या सगळ्याला उत्तर म्हणून ताईंनी सव्वादोन वर्षं सकाळची गाडी पकडली आणि एकही दिवस उशीर केला नाही. ताई, तुमचं नाव मी घालवलं होतं. ते जेवढं मला परत आणता येईल तेवढं आज या सभागृहापुरतं आणलं आहे. पुरेसं नाही, हे मला कळतं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, मृणालीताईंनी पत्रिकेत जागा केली, अध्यक्षांनी वेळ वाढवून दिला आणि खाडीपट्ट्याच्या आशाताईंनी मला मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल सगळ्यांचा आभारी आहे. भाषणाच्या शेवटी माफी मागायची आपली रीत आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते सगळं पोटात घाला. अहवालातलं ते वाक्य मात्र कोणी पोटात घालू नका. ते लक्षात ठेवा. आणि जिथे कुठे शांतीताई मोकल यांचं नाव निघेल तिथे सांगा, की ते वाक्य हर्षद बामुगडेनं लिहिलं होतं आणि ते खोटं होतं.